‘तू सुरक्षित आहेस’ असं सांगणारा वास

आजचा विषय वाचून एका मित्राने मला विचारलं, ‘तत्त्वज्ञानाच्या माणसाचं अत्तराच्या दुकानात काय काम?’ प्रश्न रास्त आहे. पण आजकाल पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात गेलात, तर भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायची एक छोटी बाटली मिळते. ती लावली की घाबरलेला कुत्रा शांत होतो, असं तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या दुकानात ‘फेरोमोनयुक्त’ म्हणून अत्तर मिळतं, ते लावलं की समोरची व्यक्ती आकृष्ट होते म्हणे. आणि मोठ्या दुकानांत, हॉटेलांत हवेतच सुगंध सोडलेला असतो, तो कुणी सोडला आणि कशासाठी, हे कुणी सांगत नाही.

या तिन्हींत दावा एकच आहे : वासाने वागणूक बदलता येते. त्यावर दोन प्रश्न उभे राहतात. खरोखर बदलता येते का? आणि बदलावी का? पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. पण पहिल्याचं उत्तर नीट ठाऊक नसताना दुसऱ्यावर बोलणं म्हणजे नुसता उपदेश. म्हणून आज अर्धा वेळ आपण पतंग, डुक्कर, वाघ आणि कुत्रे यांच्या सहवासात काढणार आहोत.

फेरोमोन म्हणजे काय, आणि काय नव्हे

सुरुवात फ्रान्समधल्या झाँ-आंरी फाब्र या कीटकनिरीक्षकापासून करू. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. एका सकाळी त्याच्या अभ्यासिकेत मोठ्या मोरपतंगाची एक मादी कोषातून बाहेर आली. त्याने ती तारेच्या जाळीच्या झाकणाखाली ठेवली. त्या रात्री घरात चाळीसच्या आसपास नर पतंग घुसले. अंधारातून, झाडीतून, बरोबर तिच्यापर्यंत. मग त्याने पुढे प्रयोग केले. मादी हवाबंद काचपात्रात ठेवली, म्हणजे दिसते पण हवा बाहेर जात नाही, तर एकही नर येत नाही. म्हणजे निरोप डोळ्यांचा नव्हता, हवेतून जाणाऱ्या कशाचा तरी होता.

ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे कळायला 1959 साल उजाडलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांड्ट यांनी रेशीमपतंगाच्या सुमारे 5 लाख माद्यांच्या ग्रंथींमधून तो पदार्थ वेगळा काढला. जवळजवळ वीस वर्षांचं काम, आणि हाती आले काही मिलिग्रॅम. त्याला त्यांनी ‘बॉम्बिकॉल’ नाव दिलं. त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी ‘फेरोमोन’ हा शब्द घडवला. ग्रीक भाषेत ‘फेरेन’ म्हणजे वाहून नेणं आणि ‘होर्मोन’ म्हणजे चेतवणारं. हार्मोन शरीराच्या आत निरोप पोचवतं, फेरोमोन एका शरीरातून दुसऱ्या शरीराकडे. आणि ही दोन्ही शरीरं एकाच जातीच्या प्राण्यांची असावी लागतात. ही अट लक्षात ठेवा, कारण बाजारातला निम्मा गोंधळ ती विसरल्यामुळे होतो. लॅव्हेंडरचा वास हा फेरोमोन नव्हे. तो एका वनस्पतीचा वास आहे. त्याने कुणी शांत होत असेल तर त्याची कारणं वेगळी शोधावी लागतात.

आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला हे सगळं आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. विदर्भात, मराठवाड्यात शेतात ‘कामगंध सापळे’ लावलेले तुम्ही पाहिले असतील. किती समर्पक शब्द आहे पाहा! गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध कृत्रिमरीत्या तयार करून सापळ्यात ठेवतात, नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजतात. आणखी एक पद्धत आहे. सबंध शेतात तो गंध इतका पसरवायचा की नराला खरी मादी कुठे आहे हेच कळू नये. सगळीकडूनच हाक आली की कुणाचीच हाक ऐकू येत नाही.

ही उघड उघड फसवणूक आहे. पण ती आपल्याला खटकत नाही, आणि खटकू नये असं मला वाटतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या विषाचा एक फवारा जरी गंधामुळे वाचला, तरी पतंगाला फसवल्याबद्दल अपराधी वाटण्याचं कारण नाही. म्हणजे गंधाने प्राण्याला वळवणं हे मुळातच वाईट, असं आपल्याला म्हणता येणार नाही. मग रेषा कुठे ओढायची? तिकडे आपण हळूहळू जाऊ.

गंध हा विजेचं बटण नव्हे

फेरोमोनबद्दल एक लोकप्रिय चित्र आहे : बटण दाबलं की दिवा लागतो, तसा वास आला की प्राणी वागतो. हे चित्र कितपत खरं आहे?

मधमाश्यांकडे पाहा. एका माशीने डंख मारला की त्या जागी धोक्याचा गंध सुटतो. त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. म्हणून पोळ्याजवळ जाताना केळं खाऊ नये असं मधपाळ सांगतात. पहिला डंख दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला. मग मधपाळ काय करतो? धूर देतो. धुरामुळे दोन गोष्टी होतात. माश्यांच्या मिशांची तो धोक्याचा गंध ओळखण्याची ताकद काही काळ मंदावते, आणि आग लागली असं समजून त्या पोटभर मध पिऊन घेतात. धोक्याची घंटा बंद पाडून शांतता आणण्याचा हा माणसाचा बहुधा सर्वांत जुना उपाय असेल.

आता डुक्कर. नर डुकराच्या लाळेत ॲन्ड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य असतं. ते हुंगताच माजावर आलेली मादी जागच्या जागी स्थिर उभी राहते. युरोप-अमेरिकेत हे द्रव्य फवाऱ्याच्या डब्यात मिळतं, कृत्रिम रेतनाच्या वेळी शेतकरी ते वापरतात. हे बटणासारखं वाटतं ना? पण वाक्य पुन्हा ऐका : ‘माजावर आलेली’ मादी. माजावर नसेल तर तोच वास येऊनही ती उभी राहत नाही. म्हणजे डुकराच्या बाबतीतसुद्धा गंध एकटा काही करत नाही. घेणाऱ्याची अवस्था त्यात भागीदार असते.

याहून गमतीदार उदाहरण आपल्या ताटातलं आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या गंधाचा अभ्यास केला. वाघ झाडांवर जो द्रव उडवून आपली हद्द आखतो, त्यात त्यांना 2-ॲसिटिल-1-पायरोलिन हा पदार्थ सापडला. हा तोच पदार्थ, ज्यामुळे बासमतीला आणि आपल्या मुळशी-मावळ-भोरच्या आंबेमोहोराला सुवास येतो. एकच रेणू. वाघाच्या जगात तो हद्दीवरच्या खुणेत मिसळलेला असतो, आणि आपल्या घरात तो म्हणतो ‘पानं वाढली आहेत, या.’

हत्तीचंही तसंच. आशियाई हत्तिणीच्या मूत्रात नराला ती माजावर असल्याचं सांगणारं जे द्रव्य आहे, ते अमेरिकेतल्या बेट्स रास्मुसेन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ओळखलं. निघालं काय, तर शंभराहून अधिक जातींचे पतंग आपल्या कामगंधात नेमकं तेच द्रव्य वापरतात! आता हत्ती काही पतंगाच्या मागे धावत नाही. आपले पूर्वज हत्तीच्या गंधाकडे बारकाईने पाहत होते. ज्याच्या नुसत्या मदगंधाने दुसरे हत्ती मागे सरतात त्याला ते ‘गंधहस्ती’ म्हणत.

यातून तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला काय मिळतं? न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केलेली आहे, आणि गंधाचे सुगंध व दुर्गंध असे दोन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे गंध वस्तूत आहे. ते बरोबरच आहे, रेणू वस्तूतच असतो. पण गंधाचा अर्थ वस्तूत नाही. तो वस्तू आणि नाक यांच्या नात्यात आहे, आणि ते नातं त्या जातीच्या लाखो वर्षांच्या इतिहासाने घडवलेलं आहे. म्हणून मी फेरोमोनला ‘हुकूम’ म्हणत नाही, ‘वाक्य’ म्हणतो. वाक्य समजायला भाषा यावी लागते आणि ऐकणारा ऐकण्याच्या स्थितीत असावा लागतो. वाक्याला आणखी एक गोष्ट लागू होते : ते खरं किंवा खोटं असू शकतं. आपल्या विषयाचं मर्म माझ्या मते इथे आहे.

शांत करणारी बाटली

आता त्या प्लगमधल्या बाटलीकडे येऊ. पिल्लं झालेली कुत्री पिल्लांना पाजत असते तेव्हा तिच्या आचळांच्या ओळींमधल्या त्वचेतून काही स्निग्ध द्रव्यं सुटतात. फ्रान्समधले पशुवैद्य पात्रिक पाजा यांनी त्यांचा अभ्यास करून त्यांची कृत्रिम नक्कल तयार केली. मांजरांसाठीही असंच केलं. मांजर आपला गाल टेबलाच्या पायाला, दाराच्या कडेला, तुमच्या पोटरीला घासतं ना, तेव्हा ते ‘ही जागा माझ्या ओळखीची आहे’ अशी नोंद करत असतं. त्या गालातल्या द्रव्याची नक्कल बाटलीत भरली.

म्हणजे कुत्र्याची बाटली म्हणते, ‘आई जवळ आहे.’ मांजराची बाटली म्हणते, ‘ही जागा तुझी आहे.’

याचा उपयोग होतो का? 2010 साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की बहुतेक दाव्यांना पुरेसा पुरावा नाही. काही ठिकाणी, उदाहरणार्थ प्रशिक्षणाच्या वर्गातल्या पिल्लांची भीती कमी होण्याच्या बाबतीत, थोडा आधार सापडला. म्हणजे ‘निव्वळ थोतांड’ असंही नाही आणि ‘रामबाण’ असंही नाही.

अभ्यास इतके डळमळीत का, हेही समजून घेण्यासारखं आहे. कुत्रा शांत झाला हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा त्याचा मालक. आणि मालकाने बाटली विकत घेतलेली असते, ती लावल्यावर तो स्वतः थोडा निर्धास्त होतो. मालक निर्धास्त झाला की त्याचा आवाज बदलतो, हात बदलतो, आणि कुत्रा मालकाकडे पाहूनच अर्धा शांत होतो. शिवाय शांत झालेल्या माणसाला कुत्राही शांत दिसतो. म्हणून मालकाला आणि निरीक्षकाला, दोघांनाही बाटलीत औषध आहे की नुसतं द्रावण आहे हे ठाऊक नसेल, तेव्हाच तो प्रयोग खरा.

वनस्पतींच्या वासाचं काय? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स यांनी गाडीत बसलं की थैमान घालणाऱ्या 32 कुत्र्यांवर प्रयोग केला. गाडीत लॅव्हेंडरचा वास असताना ते जास्त वेळ बसून राहिले, हालचाल आणि भुंकणं कमी झालं. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचं द्रव्य असतं. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात 2018 मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की लिनालूलच्या नुसत्या वासाने त्यांची चिंता कमी होते, मात्र ज्या उंदरांना वासच येत नाही त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे द्रव्य फुप्फुसातून रक्तात गेल्यामुळे नव्हे, तर नाकातून मेंदूला निरोप गेल्यामुळे हे घडतं. आणि चिंता घटवणाऱ्या काही गोळ्या मेंदूत जिथे काम करतात, ती जागा औषधाने अडवली की वासाचाही परिणाम थांबतो.

इथे एक व्यवहाराची सूचना. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. मांजराच्या यकृताची अशी तेलं पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मर्यादित असते. टी-ट्रीसारखं तेल मांजराच्या अंगाला लावणं घातक ठरू शकतं. पक्ष्यांची फुप्फुसं नाजूक, दम्याच्या रुग्णांचीही. खोलीत वास सोडायचा तर दार उघडं असावं. ज्याला तो नको आहे त्याला उठून जाता आलं पाहिजे. हे वाक्य मी आता आरोग्याच्या दृष्टीने बोललो, थोड्या वेळाने तेच नीतीच्या दृष्टीने पुन्हा बोलणार आहे.

माणसाचं काय?

सस्तन प्राण्यांच्या नाकात फेरोमोन टिपणारं एक खास इंद्रिय असतं. डॅनिश शल्यवैद्य याकॉबसन यांनी 1813 मध्ये त्याचं वर्णन केलं. माणसात त्याचा अवशेष उरलेला असतो, पण त्याचं काम चालायला जे जनुक लागतं ते आपल्यात निकामी झालेलं आहे. याचा अर्थ माणसाला फेरोमोन असूच शकत नाही असा नाही, कारण काही प्राणी नेहमीच्या नाकानेही फेरोमोन ओळखतात. पण खांद्यावर पुराव्याचं ओझं आहे ते विकणाऱ्याच्या.

1971 मध्ये मार्था मॅक्लिंटॉक यांनी अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या 135 मुलींचा अभ्यास करून म्हटलं, की एकत्र राहणाऱ्यांची मासिक पाळी जुळत जाते. हे इतकं पसरलं की आज ते सर्वमान्य सत्य समजलं जातं. पण पुढे चीनमधल्या वसतिगृहात मोठा अभ्यास झाला, त्यात अशी जुळणी आढळली नाही. वेगवेगळ्या लांबीची चक्रं अधूनमधून आपोआप जवळ येतातच. दोन घड्याळांतलं एक मागे पडत असेल, तरी कधीतरी दोन्ही एकच वेळ दाखवतात. त्यासाठी गंधाची गरज नाही.

2015 मध्ये ऑक्सफर्डचे ट्रिस्ट्रम वायट यांनी सगळा पुरावा तपासून स्पष्ट लिहिलं, की ‘मानवी फेरोमोन’ म्हणून जी दोन-चार द्रव्यं वर्षानुवर्षं वापरली गेली, ती तशी आहेत हे मुळात कधी सिद्धच झालेलं नव्हतं. तेव्हा फेरोमोनचं अत्तर विकत घेणाऱ्या तरुणांना माझा सल्ला : रोज आंघोळ करा आणि समोरच्याचं बोलणं नीट ऐका, पैसे वाचतील.

पण याचा अर्थ आपण वासाच्या पलीकडे गेलेले आहोत असा मुळीच नाही. नवजात बाळ आपल्या आईच्या दुधाचा वास ओळखतं, त्या दिशेला तोंड वळवतं. ओळखीचा वास जवळ असला की टाचेतून रक्त घेताना बाळं कमी रडतात. आपल्याकडे बाळाची दुपटी आणि गोधडी आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांची शिवतात. कापड मऊ असतं म्हणून, हे खरंच. पण आई पाण्याला गेली, कामावर गेली, तरी पाळण्यात तिचं काहीतरी मागे राहतं.

इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या नोआम सोबेल यांच्या प्रयोगशाळेचं काम आणखी विचारात टाकणारं आहे. स्त्रियांचे भावनेने आलेले अश्रू पुरुषांना हुंगायला दिले. त्या अश्रूंना जाणवण्यासारखा वासच नव्हता. तरी 2011 च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन घटलं, आणि 2023 च्या निबंधात एका खेळातली त्यांची आक्रमकता चाळीस टक्क्यांहून जास्त उतरली. पहिल्या अभ्यासातल्या काही भागाचा पडताळा दुसऱ्यांना मिळालेला नाही, हेही सांगायला हवं. पण शक्यता लक्षात घ्या : ज्याची जाणीवच होत नाही, असा निरोप आपलं वागणं बदलू शकतो.

कांटचा रुमाल

आता तत्त्वज्ञानाकडे. इमॅन्युएल कांटला गंधाबद्दल फारसं प्रेम नव्हतं. 1790 च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात त्याने खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढणाऱ्या माणसाबद्दल तक्रार केली आहे. तो माणूस आजूबाजूच्या सर्वांना, त्यांची इच्छा असो-नसो, त्या सुगंधाचा वाटेकरी करतो. डोळे मिटता येतात, मान वळवता येते. श्वास मात्र किती वेळ रोखणार? गंध हा स्वातंत्र्याला बाजूला सारून आत येतो, अशी कांटची हरकत.

ती हरकत थोडी उलगडू. मराठीत ‘कारण’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘पाऊस आला, कारण ढग दाटले होते.’ आणि ‘मी संपाला पाठिंबा दिला, कारण मागणी न्याय्य होती.’ पहिलं कारण ढकलतं. दुसरं कारण पटतं. पटणाऱ्या कारणाशी वाद घालता येतो, ‘मागणी न्याय्य नव्हती’ असं म्हणता येतं. ढगाशी वाद घालता येत नाही. मी तुम्हाला मुद्दे सांगून तुमचं मत बदललं, तर मी तुम्हाला माणूस मानलं. तुमच्या नकळत हवेत काही सोडून तुमचं मत बदललं, तर मी तुम्हाला पतंग मानलं.

हे नुसतं तत्त्व नाही. 1995 मध्ये ॲलन हर्श यांनी लास व्हेगासच्या एका जुगारगृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. काही यंत्रांच्या भागात एक सुगंध सोडला, तर त्या शनिवार-रविवारी तिथे आदल्या आणि नंतरच्या आठवड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त पैसे खेळले गेले. उलट व्हिएन्नात योहान लेर्नर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहणाऱ्या 200 रुग्णांवर प्रयोग केला. संत्र्याचा किंवा लॅव्हेंडरचा वास असताना त्यांची चिंता कमी झाली.

कांटच्या कसोटीवर दोन्ही सारखेच. दोघांनीही न विचारता वास सोडला, आणि दोन्हीकडे तो ढकलणाराच. तरीही आपल्याला एक खटकतो, दुसरा खटकत नाही. का? ‘एकाने नफ्यासाठी केलं’ हे उत्तर पुरेसं नाही, दंतवैद्यही फुकट दात काढत नाही.

सांत्वन खरं केव्हा असतं?

माझं उत्तर मघाच्या ‘वाक्या’त आहे. शांत करणारा प्रत्येक वास एकच गोष्ट सांगतो : ‘तू सुरक्षित आहेस.’ मग विचारायचा प्रश्न हा, की हे वाक्य खरं आहे का?

दंतवैद्याच्या खोलीत ते खरं आहे. तुम्हाला धोका नाही, तुमची भीती प्रसंगापेक्षा मोठी आहे, वास ती तिच्या मापाला आणतो. जुगारगृहात ते खोटं आहे. तिथे तुमच्या खिशाला खरोखर धोका आहे आणि सावध राहणं हेच शहाणपण आहे. वास तेच हिरावून घेतो.

दिवाळीत फटाक्यांनी थरथरणारा कुत्रा घ्या. तो घरात आहे, दारं बंद आहेत, त्याला इजा होणार नाही, फक्त हे त्याला ठाऊक नाही. भाषेतून ते आपण त्याला सांगू शकत नाही. मग त्याच्या आईच्या गंधाची नक्कल करून सांगितलं, तर निरोप्या खोटा असला तरी निरोप खरा आहे. अंगाईत आपण बाळाला सांगतो की चांदोमामा राखण करतो आहे. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही, कारण राखण करणारं कुणीतरी खरोखर जागं असतं.

आता दुसरं चित्र. हजारो डुकरं वळता येणार नाही अशा गजांआड ठेवायची, ती एकमेकांना चावायला लागली की हवेत शांत करणारं द्रव्य सोडायचं. डुकरांसाठीही अशी नक्कल तयार झालेली आहे, म्हणून हे काल्पनिक समजू नका. दिवसाचे दहा तास एकटा कोंडलेला कुत्रा, आणि प्लगमध्ये बाटली. पुरेशी माणसं नेमलेली नाहीत असा वृद्धांचा निवास, आणि तिथे संध्याकाळी अस्वस्थ होणाऱ्या आजी-आजोबांसाठी लॅव्हेंडर. इथे ‘तू सुरक्षित आहेस’ हे वाक्य खोटं आहे. त्या जिवाची अस्वस्थता ही व्याधी नसून बातमी आहे. ती सांगते, की जागा अपुरी आहे, सोबत नाही, काहीतरी दुखतं आहे. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोललेलं कुणी ऐकत नाही, त्याची अस्वस्थता हाच त्याचा अर्ज असतो. वासाने आपण अर्जदाराचं दुःख दूर करत नाही, अर्ज फाडून टाकतो.

एक आक्षेप येईल. ‘सर, जागा वाढवणं, माणसं नेमणं आज शक्य नसेल, तर निदान त्या जिवाला थोडा आराम का देऊ नये?’ आक्षेप वजनदार आहे. शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णाला वेदनाशामक देतोच की आपण. माझं म्हणणं एवढंच : द्या, पण दिल्यावर अस्वस्थतेची नोंद पुसू नका. वेदनाशामक देणारा डॉक्टर रोगाचं नाव कागदावर लिहून ठेवतो. त्या बाटलीबरोबर ‘खरं कारण अजून बाकी आहे’ अशी एक ओळ कुणाच्या तरी वहीत असली पाहिजे. वास हा उपाय होऊन बसला की ती ओळ लिहिली जात नाही, आणि स्वस्त उपाय नेहमीच महाग उपायाला घराबाहेर ठेवतो.

दुसरा आक्षेप : ‘मग देवळातला धूप, घरातला ऊद, न्हाऊ घातल्यावर बाळाला दिलेली ओव्या-वावडिंगाची धुरी, हेही मन वळवणंच ना?’ आहेच. पण तिथे वास उघड आहे. तो कुणी लावला हे दिसतं, लावणारा स्वतःही त्याच धुरात बसलेला असतो, आणि नको असेल तर उठून जाता येतं. जुगारगृहाचा मालक त्या यंत्रांसमोर बसत नाही. लपवलेला गंध आणि वाटून घेतलेला गंध यांत हा फरक आहे.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला शांततेची बाटली दिली, घरच्या कुत्र्यासाठी असो की आईच्या खोलीसाठी, तर आधी त्या खोलीत थोडा वेळ जमिनीवर बसा. काय ऐकू येतं, उजेड कसा आहे, कुणाची वाट पाहिली जाते आहे, ते बघा. तिथली भीती खोटी आहे असं तुमची खात्री झाल्यावर सांगत असेल, तर बाटली खुशाल लावा. आणि भीती खरी निघाली, तर ती बाटली तशीच परत देऊन जे करायला हवं ते करा. मधमाशीचा धूर मधपाळाच्या कामाचा आहे, पण रोज कुणी धूर देऊ लागलं तर खरा वणवा पेटेल तेव्हा त्या पोळ्याला तो कळणार कसा?

वेळ संपली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.